रविवारचं कपाळ

परवा आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये धंदा करणाऱ्या तरुण मंडळींची सभा होती. मलाही बोलावणं होतं. बोलावणं म्हणजे काय, पुढच्या रांगेत खुर्ची, खांद्यावर शाल आणि हातात एक फुलझाडाची कुंडी. बोला असं कोणी म्हणालं नाही. शाल दिलेल्या म्हातारीने बोलायचं नसतं, फोटोत बसायचं असतं.

भाषणाला बाहेरगावाहून एक गृहस्थ आणले होते. टाय लावलेला, आवाज गोड. म्हणाले, "तुमचा धंदा ही तुमची ओळख नव्हे. तुम्ही प्रभूची लेकरं आहात, ही तुमची ओळख. दुकान चाललं काय, बसलं काय, तुम्ही तेच." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण बोलणं खोटं नव्हतं.

मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. चाकणकडच्या कंपन्यांना जेवणाचे डबे पुरवते. म्हणाली, "सर, माझं नाव ख्रिस्ती आहे. डब्यावर ते छापलं तर काही लोक डबा परत पाठवतात. म्हणून मी आता नुसतं 'घरचा डबा' छापते. चुकतं का माझं?"

गृहस्थ हसले. "ताई, एवढं मनावर घेऊ नका. देव मन बघतो."

टाळ्या झाल्या. आणि माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की कुंडी मांडीवरून खाली पडली. लोक म्हणाले, आजींचा हात थरथरतो. हात नव्हता थरथरत. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी एकदा ऐकलं होतं, स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून, आणि त्या वाक्यापायी काय काय झालं ते मला ठाऊक आहे. तेव्हा आता सांगतेच सगळं. रागानेच सांगणार, ते आधीच कबूल करते.

ही पन्नास ते साठच्या मधल्या दिवसांतली गोष्ट. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उठायला लागले होते. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला बाभळी, ज्वारीची शेतं आणि मधेच लोखंडाचे सांगाडे, असं सगळं दिसायचं. गवंडी, सुतार, फिटर, माती वाहणारे, नुसती माणसंच माणसं येत होती. कोणी साताऱ्याकडचा, कोणी बीडकडचा. बायका गावाकडे. तीन दगडांवर भात शिजवायचे, खालून करपलेला आणि वरून कच्चा, आणि तेच खाऊन कामावर जायचे.

आम्ही नगरकडचे. मी वाढले मिशनच्या कंपाउंडात. आई मडमसाहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. शाळा मला दोनच वर्षं मिळाली, बाकी अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून घोटली. पण भाकरी मात्र मला कोणी शिकवावी लागली नाही. आमचे हे रंगारी. घाटातले रेल्वेचे पूल रंगवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे होते. पंधरा-पंधरा दिवस घरी येत नसत. मी चोवीस वर्षांची, अंगात रग, हातात चव, आणि दाराबाहेर कच्चा भात खाणारी माणसं. खानावळ काढायला आणखी काय लागतं?

एक गोष्ट लागत होती, ती मला माहीत नव्हती. तेव्हा खानावळीच्या पाटीवर पदार्थ लिहीत नसत. जात लिहीत. ब्राह्मणाची खानावळ, मराठा खानावळ, हिंदू भोजनालय. माणूस आधी पाटी वाचायचा, मग आत शिरायचा. माझ्याकडे पाटी नव्हती. मला वाटलं, वास पुरेल.

पहिली जागा चिंचवडच्या बाजूला होती. पहिल्या दिवशी सहा गवंडी आले. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. बोटं चाटून गेले. दुसऱ्या दिवशी जेवून उठताना त्यांच्यातला वयाने मोठा जो होता तो म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. गळ्यात मणी हायेत, हातात बांगड्या हायेत, मग कपाळ का मोकळं? भाऊ सुखरूप हायेत न्हवं?"

मी हसत म्हणाले, "आहेत की. आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात लावत नाहीत."

तो हात धूत होता. ते धुणं लांबलं. मग म्हणाला, "ख्रिस्ती म्हंजी आधीचे कोण?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला. आधीचे कोण. म्हणजे आज कोण आहात त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, तुमच्या आजोबांना गावाने कुठे बसवलं होतं ते सांगा. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो प्रभूवर विश्वास ठेवून घेतला. आणि त्याबरोबर, आता तरी लोक आपल्याला दाराबाहेर उभं करणार नाहीत, असंही त्यांच्या मनात आलं असेल. का येऊ नये? तर त्यांची नात दोन पिढ्यांनंतर स्वतःच्या दारात उभी होती, आणि दाराबाहेर तिलाच ठेवत होते.

मी उत्तर दिलं नाही. न देणं हेच उत्तर होतं. तिसऱ्या दिवशी चोवीस भाकऱ्या थापल्या, कोणी आलं नाही. संध्याकाळी शेजारच्या मळ्यातल्या बैलांना घातल्या. बैलांनी काही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी त्या गवंड्यांचा मुकादम एकटाच आला. बिनधास्त बसला, जेवला, ढेकर दिला. म्हणाला, "बाई, तुमच्या हाताला चव हाय. पण तोंडाला कुलूप न्हाई."

"खरं बोलले त्यात काय चुकलं?"

"चुकलं असं कोण म्हणतंय? म्या जेवलो की. पण माझी तीस माणसं हायेत, ती काय माझ्यावानी न्हाईत. असं करा. नदीपल्याड एक पाटलीणबाई हायेत, त्यांच्याकडं दोन खोल्या मोकळ्या हायेत. तिथं तुमाला कोण वळखत न्हाई. एक बोट कुंकू लावा. बास. ती सहा जणं मी दुसऱ्या कामावर धाडतो, बाकी तीस माणसं मी आणतो."

मी त्याला हाकलला. दोन दिवसांनी हे घाटातून आले. मला वाटलं हे तरी चिडतील. रंगाने माखलेले हात रॉकेलने पुसत शांतपणे म्हणाले, "अगं, लाल भुकटी आहे नुसती. देव मन बघतो."

"मग तुमच्या मनाला लावा की!" मी ओरडले.

पण लावलं. कोणी माझा हात धरून लावलं नाही. वाण्याकडून कुंकवाची पुडी मीच आणली, मेणाची डबी मीच आणली. तेव्हा कपाळावर आधी मेणाचा ठिपका देत आणि त्यावर कुंकू दाबत, म्हणजे घामाने ओघळत नाही. आरशात बघितलं तर मी दुसरीच कोणी दिसत होते, आणि खोटं का सांगू, बरी दिसत होते.

पाटलीणबाई म्हणजे जुन्या गावातल्या शेतकरी घरातल्या. धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "कुटलं म्हनालीस? नगरकडचं? ऱ्हा मग. सवाष्ण बाय दारात आसली म्हंजी बरं वाटतं." एवढ्यावर खोल्या मिळाल्या. जे चिंचवडला चार दिवसांत मोडलं ते नदीपलीकडे एका बोटावर उभं राहिलं.

आणि उभं राहिलं म्हणजे कसं! मुकादमाने तीस म्हटलं होतं, दोन महिन्यांत चाळीस झाले. पहाटे उठून पाट्यावर ठेचा, मोठ्या पातेल्यात आमटी, दोन चुलींवर दोन तवे. चोवीस वर्षांच्या बाईला चाळीस बाप्ये मावशी म्हणायला लागले. "मावशी, वांगं कमी वाढलंस, बीडवाल्यावर राग हाय का?" "तुझ्यावर नाही रे, तुझ्या ताटलीवर आहे, तिला भोक आहे. वाढलेलं राहतच नाही." असं चालायचं. कोणाला ताप आला की मी पेज पाठवायची. कोणाचं गावाहून पत्र आलं की मी वाचून दाखवायची. खानावळ म्हणजे मीच झाले. कोणी विचारलं, तू कोण, तर मी चटकन "खानावळवाली" म्हणाले असते. दुसरं उत्तर तोंडाशी यायचंच बंद झालं होतं.

भाकरी थापताना आमच्यातली गीतं गुणगुणायची मला सवय. कोणी आत आलं की सूर तोच ठेवायची आणि शब्द गिळायची. चाळीस माणसांना जेवू घालत होते आणि प्रभूचं नाव रोज स्वतः गिळत होते. संक्रांतीला पाटलीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. गेले. त्यांनी माझी ओटी भरली, पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घालून घेतलं सगळं. तेव्हा मला लाज वाटली का? थोडी वाटली. पण आवडलं जास्त, आणि आज मला राग येतो तो या आवडण्याचा.

राहता राहिला रविवार.

रविवारी सकाळची न्याहारी उरकून मी गाडीने दोन स्टेशनं पलीकडे एका मराठी देवळात उपासनेला जायची. पाटलीणबाईंना सांगितलं होतं, मामाकडे जाते. स्टेशनच्या वाटेवर ओढ्याकाठी बाभळीची दाटी होती. तिथे थांबायची. कमरेच्या पिशवीत खोबरेल तेलाची बारीक बाटली असायची. मेण असं पाण्याने जात नाही, तेल लावून रगडावं लागतं. रगडून रगडून कपाळ लाल व्हायचं. रविवारच्या एकुलत्या लुगड्याच्या पदराच्या आतल्या टोकाने पुसायची आणि गाडी पकडायची. येताना त्याच बाभळीखाली पुन्हा मेण, पुन्हा कुंकू. सहा दिवसांची एक बाई आणि सातव्या दिवसाची दुसरी, मधे एक ओढा.

सहा-सात महिने हे चाललं. मग तो रविवार आला.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घ्यायचा विधी. आम्ही रांगेने गुडघे टेकून होतो. पाळकसाहेब प्याला घेऊन एकेकापाशी येत होते. माझ्या शेजारणीला दिला. माझ्यापुढे आले आणि थांबले. मी डोळे मिटून होते. बराच वेळ काही नाही म्हणून डोळे उघडले, तर ते माझ्या पदराकडे बघत होते. आतलं टोक वर आलं होतं, कुंकवाने माखलेलं. महिनोन्‌महिने पुसलेलं सगळं तिथे साठलं होतं, धुऊन गेलंच नव्हतं.

"बाई," ते हळू म्हणाले, पण देवळात हळू बोललेलंही शेवटच्या बाकापर्यंत जातं. "हे कशाचं आहे?"

मी म्हणाले, "पाळकसाहेब, धंद्यासाठी लावते. पोटासाठी."

"मग आधी ठरवा, तुम्ही कोणाच्या. धंद्याच्या की प्रभूच्या. ठरवा आणि मग या."

आणि प्याला पुढच्याला दिला. पुढचा कोण, तर आमच्या मंडळीतले एक पंच, सरकारी कचेरीत कारकून. दर दसऱ्याला कचेरीत टेबलाची पूजा व्हायची, तेव्हा हे पंच सगळ्यांबरोबर हात जोडून उभे राहायचे आणि प्रसादाचा पेढा खाऊन घरी यायचे. हे त्यांच्या बायकोनेच मला हसत सांगितलं होतं. त्यांना प्याला मिळाला. का नाही मिळणार? बाप्याचा धर्म कपाळावर दिसत नाही. तो टोपीखाली झाकता येतो. बाईचा धर्म, बाईचा नवरा, बाईची जात, सगळं तिच्या कपाळावर लिहून मागतात, आणि लिहिलं तरी हेच तिला पकडतात आणि पुसलं तरी हेच.

मी उठले आणि बाहेर आले. गाडी यायला वेळ होता. फलाटावर बसून रडले, रागाने. दुःखाचं रडणं ओसरतं, रागाचं ओसरत नाही. ओढ्यापाशी आले, बाभळीखाली थांबले, डबी काढली. हात पुढे जाईना. झाकण लावलं आणि तशीच घराकडे चालू लागले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. आज लावणार नाही, एवढंच ठरलं होतं.

अंगणाच्या कोपऱ्यावर वळले आणि जागीच उभी राहिले. चाळीसच्या चाळीस माणसं अंगणात खाली माना घालून बसलेली. कोणाच्या डोक्यावर टोपी नाही. चूल विझलेली. ओट्यावर गावातल्या सात-आठ बायका. मला बघताच पाटलीणबाईंनी जो हंबरडा फोडला तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल.

"पोरी गं! कसं झालं गं हे! एवढ्या लहान वयात!"

मला काही कळेना. बायकांनी मला धरलं, खाली बसवलं. एक म्हणाली, "मयत कुटं हाय? घाटात की आनलं?" दुसरी म्हणाली, "रडू द्या तिला, रडू द्या." आणि पाटलीणबाईंनी माझा उजवा हात मनगटाशी धरला आणि जोत्याच्या दगडाकडे ओढला. तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझ्या बांगड्या फोडायला निघाल्या होत्या!

झालं होतं असं. सकाळी पाटलीणबाई ओढ्यापलीकडच्या शेतात होत्या. त्यांनी लांबून मला बाभळीखाली कुंकू पुसताना पाहिलं. हाक मारली, पण मला गाडी गाठायची होती, मी पळत सुटले. रोज नटूनथटून असणारी सवाष्ण स्वतःच्या हाताने कुंकू पुसते आणि स्टेशनाकडे धावते, त्याचा त्या गावात एकच अर्थ होता. नवरा पुलावरून पडला, निरोप आला, ही प्रेत आणायला गेली. मुकादमाने घाटात माणूसही धाडला होता. आणि दुपारी मी परत आले ती मोकळ्या कपाळाने, सुजलेल्या डोळ्यांनी.

"सोडा!" मी किंचाळले. "माझा नवरा जिवंत आहे!"

पाटलीणबाईंच्या हातात माझं मनगट तसंच. "जित्ता हाय? मग कुकू का पुसलंस?"

आता बघा. त्या क्षणी मला वाट मोकळी होती. नवस आहे म्हटलं असतं, कपाळाला पुरळ आलं म्हटलं असतं, सगळे हसले असते आणि चूल पेटली असती. सहा महिने खोटं बोललेल्या बाईला आणखी एक काय जड होतं? पण सकाळपासून रागाने माझं डोकं फुटायला आलं होतं. देवळात म्हणाले ठरव, इथे माझा हात दगडावर. जिवंत नवऱ्याची विधवा करायला निघाले होते मला, आणि तेही मायेने.

मी उभी राहिले. "मी ख्रिस्ती आहे म्हणून पुसलं. रविवारी देवळात जाते तेव्हा पुसते. सोमवार ते शनिवार तुमच्यासाठी लावते. तुम्ही माझ्या हातचं खावं म्हणून."

पहिला उठला तो तोच मुकादम, ज्याने मला कुंकू लावायला सांगितलं होतं. "आमाला बाटवलंस व्हय गं बये!" असं सगळ्यांदेखत, छातीवर हात मारून. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दोघं-तिघं थुंकले. कोणीतरी मागून तोच प्रश्न विचारला, आधीचे कोण?

"आधीची मी तुमची मावशी!" मी ओरडले. "सहा महिने जेवलात. ताप आला तेव्हा पेज प्यालात. त्या पेजेला जात होती का रे? एकानेही सांगा, चव आज सकाळी बदलली का?"

एकेक उठून गेले. अंगणात ताटल्या तेवढ्या राहिल्या.

बायका गेल्या, पाटलीणबाई राहिल्या. मला वाटलं, आता खोल्या खाली कर म्हणणार. तर त्या वेगळ्याच कारणाने पेटल्या होत्या.

"तू किरिस्ताव हायस की कोन हायस, ते तुजं तुज्यापाशी. माज्या वट्यावर बसून माजी ओटी घेतलीस, ते मी इसरनार न्हाई. पन दर आटवड्याला जित्या नवऱ्याचं कुकू पुसत व्हतीस? सवताच्या हातानं? काळीज कसं झालं गं?"

"आमच्यात त्याला तसा अर्थ नाही, बाई."

"मंग लावत का व्हतीस? अर्थ न्हाई तर लावायचं कशाला, आन् अर्थ हाय तर पुसायचं कशाला? लावायचं तर रोज लाव. न्हाईतर कवाच लावू नगं. ह्ये पुसापुशी माज्या दारात चालायची न्हाई."

पाळकसाहेबांनी जे सांगितलं तेच जवळजवळ. पण त्यांनी पाठ फिरवून सांगितलं आणि हिने समोर बसून, माझ्या हातावरचा बांगडीचा ओरखडा चोळत सांगितलं. ही बाई पुढे वीस वर्षं माझ्या ओट्यावर बसली आणि माझ्या हातचा पाण्याचा घोटही तिने कधी घेतला नाही. तोही राग आहे माझ्याकडे, जपून ठेवलेला. माणूस चांगलं होतं म्हणून राग जात नाही.

कुंकवाची डबी मी त्यांनाच दिली. त्यांनी घेतली, कुंकू टाकायचं नसतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी हे आले. मुकादमाच्या माणसाने घाटात जाऊन यांच्याचपाशी यांच्या मरणाची चौकशी केली होती. हे मिळेल त्या गाडीने धापा टाकत आले, की मीच कुठे गेले की काय. दारात उभे राहून म्हणाले, "अगं, झालं काय?"

"तुम्ही मेला होतात," मी म्हणाले. "नुसत्या लाल भुकटीने मेलात. देव मन बघतो ना? मग या गावाला कोण दाखवणार मन? माझ्या बांगड्या दगडावर होत्या तेव्हा तुमचं ते वाक्य कुठे होतं?"

ते खाली बसले. म्हणाले, "मी काय करू?"

"रंगारी आहात ना? पाटी रंगवा."

"काय लिहू?"

"सगळे लिहितात तेच. जात लिहितात ना सगळे? ख्रिस्ती खानावळ लिहा."

ते म्हणाले, अगं, कोणी येणार नाही. मी म्हणाले, नाही आलं तर बैल आहेत. पुलाच्या कामातला उरलेला करडा रंग मागे आणि पांढरी अक्षरं पुढे, अशी पाटी त्यांनी दोन दिवस बसून रंगवली. अक्षर त्यांचं सुरेख. ती दारावर चढवताना त्यांनी दोनदा रस्त्याकडे बघितलं. मी नाही. मी चुलीपाशी गीत म्हणत होते, शब्दांसकट.

आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग तो बीडवाला आला, एकटा. पाटीखाली उभा राहून म्हणाला, "मावशी, तिकडच्या खानावळीत आमटी म्हंजी गरम पाणी हाय नुसतं. मी आपलं ताट आणलंय." मी म्हणाले, "ताट घरी ठेवून ये. माझ्या ताटलीत जेवायचं असेल तर बस." तो घुटमळला, निघून गेला, मला वाटलं गेला तो गेला. अर्ध्या तासाने हात हलवत परत आला आणि बसला. "भोक नसलेली दे," म्हणाला.

हळूहळू काही आले. निम्मे कधीच आले नाहीत. मुकादम रस्त्याच्या पलीकडून जायचा.

पाळकसाहेबांना माफीचं पत्र हवं होतं. मी लिहिलं नाही. चार रविवार मागच्या बाकावर बसले, मोकळ्या कपाळाने, आणि प्रभुभोजनाला पुढे गेले नाही. मग एका बुधवारी दुपारी पाळकसाहेब उन्हातून चालत खानावळीत आले. पाटी वाचत बराच वेळ उभे राहिले. मग गवंड्यांच्या पंगतीत मांडी घालून बसले. मी वाढलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. हात धुतले आणि गेले. पुढच्या प्रभुभोजनाला प्याला माझ्यापुढे आला आणि मी घेतला. "चुकलो" असं ते म्हणाले असते तर मी तिथेच रडले असते. तसं ते म्हणाले नाहीत. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली आणि मी अजून वाट बघते.

म्हणून त्या सभेत कुंडी पडली. सभा संपल्यावर मी त्या डबेवाल्या मुलीला गाठलं आणि घरी ये म्हणाले. आली. पाटी माझ्या पलंगामागे उभी आहे, करडा रंग पार गेला, अक्षरं अजून दिसतात. ती बघत राहिली.

"आजी, किती गिऱ्हाइकं गेली?"

"निम्मी."

"निम्मी?" तिचा चेहरा पडला. तिच्याकडे सहा बायका कामाला आहेत, त्यांची घरं त्यावर चालतात. माझ्यापाशी सहा बायका नव्हत्या, मी फक्त माझी होते. हे मला तेव्हा सुचलं आणि जीभ जरा आवरली. तरी म्हणालेच, "तुला कोणी म्हणालं ना, की देव मन बघतो, तर त्याला सांग, देव बघतोच, त्याची काळजी नको. बाकीच्यांनी काय बघायचं ते मी ठरवीन."

ती हसली. विचार करते म्हणाली. जाताना एक डबा ठेवून गेली. भाजी चांगली होती, मीठ अंमळ जास्त. झाकण धुऊन ठेवलं आहे. त्यावर अजून 'घरचा डबा' एवढंच आहे. पुढच्या खेपेला येईल तेव्हा बघेन काय छापलं आहे ते. तेच असलं तर तिला जेवायला वाढीन आणि पुन्हा चिडेन. मला कुठे घाई आहे.